लाकडाच्या वर्कशॉपमध्ये धातू कापताना

मंडळी, लाकूडकाम करणाऱ्याची धातूपासून सुटका नसते. सरकत्या दाराचा ॲल्युमिनियमचा रूळ चार बोटं जास्त निघतो, पितळी सळईचे छोटे तुकडे हवे असतात, टेबलाच्या पायांना लोखंडी अँगल लावायचा असतो. अशा वेळी आपण आजूबाजूला बघतो आणि विचारतो, यातल्या कुठल्या यंत्राला पातं बदलून हे जमेल? माझं म्हणणं, यंत्राचा विचार नंतर. धातू कोणता, जाडी किती आणि काप किती घ्यायचेत, हे आधी ठरवा. दोन-चार काप असतील तर बहुतेक वेळा यंत्राची गरजच पडत नाही.

लाकडाची यंत्रं भरधाव असतात आणि लोखंडाला संथपणा लागतो, सगळी मेख इथे आहे. २५० मिलिमीटरचं गोल पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याचा दाता सेकंदाला ६० मीटरपेक्षा जास्त वेगाने धावतो. मिनिटाचा हिशेब केला तर साडेतीन हजार मीटरच्या वर. आणि हायस्पीड स्टीलच्या (धातू कापायच्या अवजारांसाठीच्या कडक पोलादाच्या) दात्याने साधं लोखंड कापायला मिनिटाला ३० मीटरच्या आसपासचा वेग योग्य. शंभरपटीहून जास्त फरक आहे! लाकडाच्या बँड-सॉचं (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीचं) पातं त्या मानाने सावकाश, मिनिटाला ९०० मीटरच्या घरात. पण लोखंडासाठी तेही तीसपट जास्त. एवढ्या वेगात दात्याचं टोक तापतं, त्याचा कडकपणा जातो आणि मग पातं कापत नाही, नुसतं घासतं. गोल पात्याच्या दात्यांवर बसवलेल्या कार्बाइडच्या (फार कडक मिश्रणाच्या) टिकल्यांची गोष्ट वेगळी. त्या उष्णता सोसतात, पण ठिसूळ असतात. लोखंडाला अडकल्या की तुटून उडतात, आणि कुठे उडतील ते सांगता येत नाही. कार्बाइड पात्याने लोखंड कापणारी खास यंत्रं मिळतात, पण ती मुळातच कमी फेऱ्यांची बनवलेली असतात.

ॲल्युमिनियम मात्र लाकडाच्या यंत्रांवर चालतं. माइटर-सॉवर (वरून खाली येणाऱ्या गोल पात्याच्या करवतीवर) चौकटीच्या पट्ट्या कापायच्या असतील तर ॲल्युमिनियमसाठीचं पातं घ्या: भरपूर दाते, एक दाता कोपरे छाटलेला आणि पुढचा सपाट अशी आलटून-पालटून घडण, आणि दात्यांचा कल शून्य किंवा किंचित मागे. लाकडाच्या पात्याचे दाते पुढे झुकलेले असतात. ते मऊ धातूत एकदम घुसतात आणि पट्टी ओढून घेतात. पट्टी हाताने धरायची नाही, क्लॅम्पच लावायचा. दात्यांना मेण लावलं तर ॲल्युमिनियम चिकटत नाही. काप पूर्ण झाला की पातं थांबेपर्यंत वर उचलू नका, नाहीतर सुटलेला तुकडा अडकून भिरकावला जातो. आणि ॲल्युमिनियम झालं म्हणून त्याच पात्याखाली लोखंडी पाइप सरकवायचा नाही.

आता ज्याच्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचंय ते अवजार, हातातली हॅक्सॉ, म्हणजे धातू कापायची हातकरवत. लोक तिला कंटाळतात, कारण पातं चुकीचं लावलेलं असतं. इंचाला १८, २४ किंवा ३२ दाते असलेली पाती मिळतात. नियम असा की निदान तीन दाते एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत. १८ दात्यांच्या पात्याला त्यासाठी जवळपास ३ मिलिमीटर जाडी हवी, २४ दात्यांच्या पात्याला साधारण २. ३२ दात्यांचं पातंसुद्धा दीड मिलिमीटरच्या खाली अडखळू लागतं. दाते कडेवर अडकून तुटतात. मग पातळ पत्र्याचं काय करायचं? दोन प्लायवुडच्या तुकड्यांमध्ये पत्रा दाबा आणि प्लायवुडसकट कापा. आपल्याकडे प्लायवुडला तोटा नाही. पातळ पाइप असेल तर सरळ खाली न जाता थोडं थोडं कापत तो फिरवत राहा.

पात्याचे दाते पुढे तोंड करून बसवा, ताण चांगला द्या. पुढे जाताना दाब, मागे येताना नाही. मिनिटाला ४०–५० फेऱ्या पुरे. घाई केली की पातं तापून बोथट होतं. पातं अर्ध्यात तुटलं आणि नवीन लावलं, तर जुन्या खाचेत घालू नका. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते, नवं पातं त्यात अडकतं. दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. काम शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट आणि काप जबड्याच्या जवळ. लांब राहिला की थरथरतो आणि सगळी मेहनत आवाजातच जाते.

वळणदार आकारासाठी जिग-सॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याचं हातयंत्र. बायमेटलचं (लवचिक पट्टीला कडक दाते जोडलेलं) बारीक दात्यांचं पातं, वेग कमी, पात्याची पुढे-मागे झुलण्याची सोय बंद. पत्र्याखाली प्लायवुड.

मगाशी एकाने विचारलं, ग्राइंडर (फिरत्या चकतीने धातू घासून कापणारं यंत्र) असताना एवढी खटपट कशाला? कारण ग्राइंडर ठिणग्या उडवतो आणि तुमच्या खोलीत भुसा आहे. ठिणगी भुशात पडली की लगेच ज्वाला दिसेलच असं नाही. ती आत तासन् तास धुमसत राहते आणि तुम्ही गेल्यावर पेट घेते. ग्राइंडर वापरायचाच असेल तर बाहेर न्या. आणि भुसा ओढणाऱ्या यंत्राला तो कधीही जोडू नका. तिथे ठिणगीला हवाही मिळते आणि इंधनही. चकतीवर छापलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत, मधल्या धातूच्या कड्यावरची मुदत बघावी आणि गार्ड काढू नये. मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

तरीही ग्राइंडरला पर्याय नाही अशी एक जागा आहे: कडक केलेलं पोलाद. कानस टेकवून बघा. कानस घसरली, ओरखडाही उमटला नाही, तर हॅक्सॉचा तिथे निभाव लागणार नाही. स्टेनलेस स्टील कानशीला लागतं, पण ते घासत राहिलं की जागच्या जागी कडक होतं. त्याला सावकाश, पण दाब न सोडता कापायचं.

काप झाल्यावर कानशीने कडा मोडा, आणि लोखंडाचा कीस टेबलावरून त्याच दिवशी काढा. लोहचुंबकाला प्लास्टिकची पिशवी घालून फिरवलं की कीस पिशवीवर गोळा होतो. हा कीस ओक किंवा अक्रोडासारख्या टॅनिनवाल्या (लाकडातलं तुरट द्रव्य असलेल्या) लाकडाला लागला आणि ओलावा मिळाला, तर काळे-निळे डाग पडतात. पाण्यावर चालणारं पॉलिश मारताना ते पहिल्यांदा दिसतात, आणि तोपर्यंत पुन्हा घासण्याशिवाय इलाज नसतो.