उतारासाठी चढणारी माणसं

(दृश्य : रविवारची सकाळ. आतकरवाडीहून सिंहगडावर जाणारी वाट, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची गर्दी.)

सिंहगड किती वेळात चढलात, हे पुण्यात कुणीही कुणालाही विचारतं. किती वेळात उतरलात, असं मात्र कुणी विचारत नाही. चढण्यात मर्दुमकी, उतरण्यात गुडघ्यांचे हाल, असा आपल्याकडचा हिशोब. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही झालं की ट्रेक संपला. मुरमावरून घसरत, झुडपं धरत खाली येणं ही केवळ परतीची हमाली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला उतार आवडायचं खरं तर काही कारण नाही.

आणि तरी याच वाटेवरची काही मंडळी दिवाळी उलटली की उताराच्या तयारीला लागतात. पर्वती चढतात, पण लक्ष उतरण्यावर. प्रत्येक पायरीला गुडघा वाकवून, भार तोलत, सावकाश. त्यांचा उतार बर्फाचा. पायांना लांब फळ्या, म्हणजे स्की, बांधून बर्फावरून घसरत जायच्या या खेळात, स्कीइंगमध्ये, मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि जिना उतरताना नेमकं तेच होतं. जानेवारी-फेब्रुवारीत ही माणसं गुलमर्ग, औली नाहीतर मनाली गाठतात. मुलांच्या परीक्षा, ऑफिसची रजा, घरच्यांचं ‘या वयात कशाला?’ हे सगळं सांभाळून.

कशाला, हा प्रश्न रास्तच आहे.

(दृश्य : बर्फावर ठेवलेले बूट. जवळून.)

स्कीचा बूट पहिल्यांदा पायात चढवणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. बाहेरून कडक प्लास्टिक, आत जाड अस्तर. बुटाची जीभ पुढे ओढायची, पाय सरळ खाली रेटायचा, टाच आपटून मागे बसवायची आणि मग एकेक बकल आवळायचं. मोजे एकावर एक घालायचे नाहीत, घडी पडली की कातडं सोलवटतं. आतल्या पायजम्याची कड चुकून बुटात राहिली, तर तासाभरात नडगीवर वळ उठतो. हा बूट माणसाला सरळ उभं राहू देत नाही, पुढे झुकवूनच ठेवतो. मग माणूस खाडखाड करत बर्फावर जातो, चवडा बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या पकडीत, अडकवतो आणि टाच दाबतो. खट्ट! आता पाऊल दीड मीटर लांबीचं झालेलं असतं, आणि जन्मापासून येत असलेलं चालणं विसरायला झालेलं असतं.

पहिला दिवस जातो तो पडण्यात आणि उठण्यात. उठायचंही तंत्र आहे. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या. नाहीतर आपण अर्धवट उठतो आणि स्की आपल्याला न विचारता निघतात. मग येतो स्नो-प्लाउ. पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडा बर्फात रोवलेल्या. नवशिक्याचा ब्रेक तो हाच. वळायचं असेल तर भार बाहेरच्या पायावर. म्हणजे डावीकडे जायचं तर उजवा पाय दाबायचा. डोक्याला हे पटकन पटतं. पायाला पटायला दोन दिवस लागतात.

खरी गंमत पुढे आहे. उतार दिसला की शरीर आपोआप मागे रेलतं. सिंहगडाच्या मुरमावर तेच शहाणपण असतं. स्कीवर मात्र मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, स्की वळेनाशी होते आणि वेग वाढतच जातो. ताबा हवा असेल तर पुढे, उताराच्या दिशेनेच झुकावं लागतं. प्रशिक्षक दिवसभर तेच ओरडत असतो. एखाद्या दुपारी कंटाळून, काय व्हायचं ते होवो म्हणून माणूस पुढे झुकतो, आणि स्की मुकाट्याने वळते. डाव्या हाताला एक वळण, उजव्या हाताला एक. उतारावर पुन्हा वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत परत उभा राहिलेल्या या माणसाचा चेहरा बघावा. या खेळाच्या ओढीचं मूळ मला तिथेच दिसतं. दऱ्याखोऱ्यांची हवा, फोटो, कहवा हे सगळं नंतरचं.

(दृश्य : स्कीचा तळ, त्यावर फिरणारी वॅक्सची, म्हणजे मेणाची, वडी.)

स्की घसरते ती बर्फाच्या वरच्या थरामुळे. तापमान शून्याखाली असलं तरी बर्फाचा अगदी पृष्ठभाग पुरता घट्ट नसतो. त्यात घर्षणाची ऊब मिळते आणि पॉलिथिलीनच्या गुळगुळीत तळाखाली वंगणासारखा अतिशय पातळ थर तयार होतो. वॅक्स निवडतात तेही बर्फाचं तापमान पाहून. कडाक्याच्या थंडीत तोच बर्फ वाळूसारखा खरखरीत लागतो.

स्कीचा आकारही पाहण्यासारखा आहे. टोकांना रुंद आणि मध्ये बारीक. कडेवर कलली की ती वाकते आणि कमान कोरत वळते. ही ठळक कंबर १९९० च्या दशकात आली. त्याआधीच्या लांबलचक, जवळजवळ सरळ स्की वळवायला अनेक हंगाम घालवावे लागत. चाळिशीपुढचा पुणेकर आठवड्याभरात थोडंफार वळू लागतो, त्याचं निम्मं श्रेय जिद्दीला देऊ आणि निम्मं या कंबरेला.

(दृश्य : जुनी रेखाचित्रं. लाकडी स्की, एकच लांब काठी.)

गंमत म्हणजे उतार हा या वाहनाचा मूळ हेतू नव्हताच. हिवाळ्यात शिकार करायची, शेजारचं गाव गाठायचं, तर पाय बर्फात रुतू नयेत म्हणून ही फळी. स्वीडनमधल्या काल्वट्रेस्कला मिळालेली स्की पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. अल्ताई पर्वतातले लोक आजही स्कीच्या तळाला घोड्याचं कातडं लावतात. केसांची टोकं मागच्या बाजूला, त्यामुळे पुढे सरकता येतं आणि चढावर मागे घसरायला होत नाही.

खेळ झाला तो नॉर्वेत. टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नॉरहाइमने टाचेभोवती पीळ दिलेल्या फांद्यांचे बंध वापरले आणि १८६८ साली ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्पर्धा जिंकून दाखवली. १८८८ साली नॉर्वेचाच धाडसी प्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन आणि त्याच्या साथीदारांनी स्कीवरून ग्रीनलँड ओलांडलं, आणि युरोपभर या खेळाचं वेड पसरलं. तरीही १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं, तेव्हा त्यात उतारावरच्या शर्यती नव्हत्या. त्या आल्या १९३६ साली.

नॉर्वेतली आणखी एक गोष्ट मराठी माणसाला सांगावीच लागेल. १२०६ साली तिथे यादवी माजली होती. गादीचा वारस दोन वर्षांचाही नव्हता, आणि शत्रू मागावर. तेव्हा बिर्केबायनर पक्षाच्या दोन योद्ध्यांनी ते पोर उचललं आणि ऐन हिवाळ्यात, स्कीवरून डोंगर ओलांडून सुखरूप नेलं. पुढे तोच हाकोन राजा झाला. या प्रसंगाची आठवण म्हणून १९३२ पासून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरची शर्यत होते, आणि प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर साडेतीन किलोंचं ओझं असावंच लागतं. ते ओझं म्हणजे तो बाळराजा.

जुलैच्या पावसात पन्हाळगड ते विशाळगड चालणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १६६० च्या त्या रात्रीसाठी चिखल तुडवत पावनखिंडीपर्यंत जाणारी माणसं आपल्याकडे हजारोंनी आहेत. राजाला सुखरूप पोहोचवलं ती वाट पुन्हा आपल्या पायांनी चालून पाहायची, ही ओढ तिकडे बर्फात आहे आणि इकडे चिखलात.

(दृश्य : सपाट बर्फ, देवदारांच्या रांगा, एकामागे एक जाणारे स्कीयर.)

ती शर्यत क्रॉस-कंट्रीची, म्हणजे स्कीवरून लांबचं अंतर कापायच्या प्रकारातली. या प्रकारात बूट हलका, टाच मोकळी, वाट एरवी बरीचशी सपाट. दोन्ही हात, दोन्ही पाय, पाठ, पोट, सगळं कामाला लागतं. लिफ्ट लागत नाही आणि वेगाची भीतीही फारशी नाही. आपल्याकडे या प्रकाराला मान कमी मिळतो. माझ्या मते सह्याद्रीत चालून तयार झालेल्या माणसाला सर्वांत जवळचा प्रकार हाच. कर्नाटकातल्या कोडगूची, कॉफीच्या मुलखातली भवानी टी. एन. भारताकडून क्रॉस-कंट्रीत उतरते. गावात बर्फ पडत नाही ही सबब तिने निकालात काढली आहे. आणि वयाची सबब काढली हर्मन स्मिथ-योहानसन यांनी. १८७५ साली नॉर्वेत जन्मलेले हे गृहस्थ कॅनडात स्थायिक झाले, शंभरी ओलांडल्यावरही स्कीवर उभे राहिले आणि १११ वर्षं जगले.

चढायची खोड जात नसेल, तर स्की-टूरिंग. अल्ताईचीच युक्ती, पण कातडं आता कृत्रिम. तळाला ती पट्टी चिकटवायची, टाच मोकळी सोडून डोंगर चढायचा, माथ्यावर पट्टी सोलून खिशात घालायची, टाच बांधायची आणि खाली यायचं. याचाच शर्यतीचा अवतार, स्की माउंटेनीअरिंग, २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला. स्कीवरून हवेत लांब उडी घ्यायचा प्रकार मात्र आपण बघण्यापुरताच ठेवावा. त्यात माणसं २५० मीटरपलीकडे उतरतात.

बसूनही स्कीइंग करता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. सिट-स्कीमध्ये एका खुर्चीखाली एक किंवा दोन स्की असतात आणि हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या काठ्या. कमरेखालची हालचाल गेलेली माणसं त्यावरून उतारावर सुसाट जातात. दृष्टिहीन खेळाडूच्या पुढे वाटाड्या असतो. तो बोलत राहतो, आणि मागचा त्या आवाजाच्या मागोमाग वळणं घेतो. हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ पासून होतं. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधल्या जवानांना व्हीलचेअरवर खेळताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

(दृश्य : गुलमर्ग. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, केबिन ढगात शिरताना.)

भारतात हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांनी आणला. स्की क्लब ऑफ इंडिया गुलमर्गला १९२७ साली निघाला. पुढे लष्कराने उंचावरच्या युद्धाचं शिक्षण तिथेच सुरू केलं. १९६४ साली इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोव्स्की हा हिवाळी ऑलिम्पिकमधला पहिला भारतीय ठरला. २०२२ साली बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा स्कीयर आरिफ खान.

गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवत शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो. तिथून खालचा बराचसा उतार मोकळा, न दाबलेल्या बर्फाचा आहे. जगभरचे पट्टीचे स्कीयर त्यासाठीच येतात. तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. गळ्यात ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलं गेल्यास ठावठिकाणा कळवणारं यंत्र, पाठीला फावडं आणि शोधकाठी, सोबत माहीतगार वाटाड्या, आणि त्या दिवशीचा इशारा वाचलेला, एवढं नसेल तर खालचं कुरण बरं. खालच्या कुरणात भाड्याचा कोट, गमबूट आणि दहा मिनिटं कुणीतरी ओढून नेलेली स्की, असाही एक प्रकार चालतो. त्यात वाईट काही नाही. त्याला स्कीइंग म्हणू नये, इतकंच.

शिकायचं तर गुलमर्ग, औली आणि मनालीच्या सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम घ्यावेत. पहाटेची घंटा, रांगेतला चहा, संध्याकाळी उरलेल्या तक्रारी. शिस्तीचा कंटाळा असलेल्यांना जड जातं. पण गुडघे शाबूत ठेवून शिकायचं तर हाच मार्ग. औलीला समोर नंदादेवी दिसते आणि पडल्यावर उठायची घाई राहत नाही.

(दृश्य : पुणे, सिमला ऑफिस चौक. दुपारची वाहतूक.)

या सगळ्याचा भरवसा ज्या बर्फावर, त्याच्याशी पुण्याचा जुना संबंध आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरची ही इमारत अजून सिमला ऑफिस. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ सालीच मांडलं होतं, की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून दुबळा होतो. तिकडच्या बर्फावरून इकडच्या पावसाचा अंदाज बांधायची सुरुवात तिथून झाली.

आता त्या बर्फाचाच अंदाज बांधणं अवघड झालंय. हा बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली उशिरा आल्या की उतार उघडे पडतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळजवळ कोरडं होतं. २०२५ साली तिथले खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. खाली जोशीमठात २०२३ च्या सुरुवातीला घरांना तडे गेले आणि औलीचा रोपवे बंद झाला. तेव्हा फेब्रुवारीचा मुक्काम धरावा, हाताशी दोन-चार दिवस जादा ठेवावेत आणि बर्फ नसेल तर चालायला जावं. पुण्याच्या माणसाला ते येतंच.

निघण्याआधी वैद्यकीय दाखला घ्या. पर्वतीच्या पायऱ्या उतरायला महिनाभर तरी आधी सुरुवात करा. स्की, काठ्या, बूट सगळं तिथे मिळतं. बूट घालून, पुढे झुकून, बोटं हलवून पाहा, आणि मागचा माणूस कितीही घाई करो, नीट बसेपर्यंत बदलून घ्या. मोजे मात्र घरून न्या.