खोक्यातलं स्पिटफायर

[दृश्य: लांबट खोका उघडतो. फोमच्या खाचांतून एकेक भाग बाहेर येतो.]

खोक्यावर छापलंय, ‘जवळजवळ तयार’. आत आहे सुपरमरीन स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, त्याची मार्क नऊ ही आवृत्ती, मूळ विमानाच्या एक-सप्तमांश आकाराचं. पंखाचे दोन अर्धे भाग, धड, शेपटीचे तुकडे, इंजिनावरचं झाकण म्हणजे काउल, पारदर्शक कॅनोपी आणि स्क्रूंनी भरलेल्या छोट्या पिशव्या. खऱ्या स्पिटफायरचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२३ मीटर होता. हे जोडून झालं की १.६ मीटर भरेल.

रेडिओवर उडणाऱ्या विमानांच्या छंदात अशा संचाला एआरएफ म्हणतात, म्हणजे ‘ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय’. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या कारखान्यात लेसरने कापलेल्या असतात, सांगाडा चिकटवलेला असतो आणि वर रंगीत फिल्म चढवलेली असते. आराखड्याच्या कागदावर टाचण्या टोचून, फासळीला फासळी जोडत विमान बांधणारे जुने लोक याच्याकडे जरा नाक मुरडून बघतात. त्यांच्या मते यात फक्त स्क्रू पिळायचे असतात.

पुढची काही मिनिटं हे हात बघा, मग ठरवा.

[दृश्य: पंखावर तिरपा प्रकाश. फिल्मवर सुरकुत्या. छोटी इस्त्री सावकाश फिरते.]

पहिलं काम इस्त्रीचं. प्रवासात आणि हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं, आकसतं आणि वरची फिल्म सैल पडते. सुरकुत्या दिसायला वाईट असतात, पण खरी काळजी कडांची असते. पंखाच्या पुढच्या कडेला फिल्म किंचित जरी सुटली, तरी वेगात वारा तिथून आत शिरून ती सोलून काढतो. म्हणून आधी सगळ्या कडा दाबून घ्यायच्या आणि नंतर मधला भाग ताणायचा. उलटं केलं तर मधली फिल्म आकसते आणि न चिकटलेल्या कडा स्वतःकडे ओढून घेते.

बघा, इस्त्री पुढे सरकली की मागे पंख कसा लख्ख होत जातो.

[दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. स्पिटफायर धावपट्टीवरून उठतं, वळताना पंखाचा पूर्ण आकार दिसतो.]

हा पंख नीट बघून ठेवा. लंबवर्तुळाकार, टोकाकडे निमुळता. स्पिटफायरचे रचनाकार आर. जे. मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पातळ पंख हवा होता, आणि तरीही आत चाकं आणि बंदुका मावायला हव्या होत्या. लंबवर्तुळात दोन्ही जमलं. ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टलीहून पहिलं स्पिटफायर उडालं. पुढच्याच वर्षी, जून १९३७ मध्ये, मिचेल कॅन्सरने गेले. नंतरची सुधारणा जोसेफ स्मिथ यांच्या हाताखाली झाली. १९४२ मध्ये जर्मनीच्या फॉक-वुल्फ १९० ला उत्तर म्हणून आलेलं मार्क नऊ त्यातलंच.

या पंखात डोळ्याला सहज न दिसणारी एक गोष्ट आहे. तो पिळलेला आहे. मुळाशी, म्हणजे धडाजवळ, पंख वाऱ्याला दोन अंशांनी वर तोंड करून असतो आणि टोकाशी अर्ध्या अंशाने खाली. एकूण पीळ अडीच अंशांचा. विमान मंदावलं की आधी पंखाचा मुळाकडचा भाग उचल सोडतो आणि टोकं तग धरतात. टोकांवरच एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, असतात, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत वैमानिकाच्या हातात थोडा ताबा राहतो. आपल्या टेबलावरच्या पंखातही हा पीळ आहे, कारखान्यातूनच आलेला. त्यामुळे पंख सपाट फळीवर दाबून ‘सरळ’ करायचा मोह टाळायचा.

[दृश्य: जवळून, एलेरॉनच्या कडेतली बारीक चीर. चिमट्यात बिजागरीची पट्टी.]

आता बिजागऱ्या. मला विचाराल तर या संपूर्ण जोडणीतलं सगळ्यात देखणं काम हेच.

पोस्टाच्या तिकिटाहून लहान, तंतूंची ही पट्टी. अर्धी पंखात जाते, अर्धी एलेरॉनमध्ये. ती मधोमध राहावी म्हणून तिच्या मध्यावर टाचणी टोचली आहे, दिसतेय? दोन्ही भाग जवळ आणायचे, टाचणी काढायची आणि फट इतकीच ठेवायची की एलेरॉन मोकळेपणी पूर्ण वर-खाली होईल. मग पातळ सीए, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या, गोंदाचे थेंब, एकेक करून, थेट पट्टीवर. तंतू गोंद पिऊन घेतात आणि तो लाकडात आतपर्यंत नेतात. दाट गोंद इथे कामाचा नाही, तो तोंडाशीच बसतो. गोंद लवकर धरावा म्हणून फवारा मारायचाही नाही, कारण मग तो आत पोचायच्या आधीच कडक होतो.

[दृश्य: विमान उलटं. खालच्या बाजूनेही थेंब. नंतर बोटं एलेरॉन ओढून बघतात.]

वरून झालं की उलटं करून खालूनही. मग वाळू द्यायचं आणि ओढून बघायचं. हळुवार नाही, चांगलं जोर लावून. आत्ता या टेबलावर निघून येणारी बिजागरी ही चांगली बातमी आहे.

किटच्या काही भागांत बिजागऱ्या आधीच बसवलेल्या असतात. त्याही ओढायच्या. कुणीतरी, कुठेतरी, शेकडो पंख एका रांगेत चिकटवताना या एका पंखावर थेंब टाकला की नाही, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

[दृश्य: आडवी शेपटी धडाच्या खाचेत सरकते. पेन्सिलची रेघ. सोल्डरिंगची गरम सळई फिल्मवरून फिरते.]

शेपटीकडे येऊ. आडवी शेपटी, म्हणजे स्टॅबिलायझर, धडाच्या खाचेत बसते. गोंद लागण्याआधी ती कोरडीच बसवून बघायची. पंख धडाला लावायचा, मागे उभं राहायचं आणि एक डोळा मिटून पंखाची रेघ आणि शेपटीची रेघ जुळवायची. एक बाजू वर असेल तर खाचेला सँडपेपरचा हलका हात. नंतर दोरा. शेपटीच्या डाव्या टोकापासून पंखाच्या डाव्या टोकापर्यंत जेवढा दोरा लागला, तेवढाच उजवीकडे लागायला हवा. कॅमेऱ्यासमोर हे मोजमाप पुन्हापुन्हा चाललंय आणि दर वेळी शेपटी केसभर सरकते आहे. आम्ही ते कापलं नाही, कारण विमान सरळ उडणार की नाही ते इथे ठरतं.

जुळलं की पेन्सिलने रेघ. रेघेच्या आतली फिल्म काढायची, कारण इपॉक्सी गोंद लाकडाला धरतो, फिल्मला धरत नाही. आणि ही फिल्म काढताना ब्लेड वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ब्लेड फिल्मबरोबर खालचं बाल्साही चिरतं. ती चीर नेमकी धडाच्या कडेला येते, जिथे शेपटीवर सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून या हातांत सोल्डरिंगची सळई आहे. तिच्या उष्णतेने फिल्म वितळून अलग होते आणि लाकडावर ओरखडासुद्धा उठत नाही.

इपॉक्सीही अर्ध्या तासात घट्ट होणाराच घ्यायचा. पाच मिनिटांचा लावला तर शेपटी जुळवेपर्यंत तो ताठ होतो.

[दृश्य: सर्व्होंची रांग. ट्रान्समीटर सुरू होतो, सर्व्हो एकदम हलून मध्यावर थांबतात.]

हे सर्व्हो, रेडिओच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरी, विमानाचे स्नायू. दोन एलेरॉनना, उतरताना खाली येणाऱ्या दोन फ्लॅपना, शिवाय नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरला आणि डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरला. सर्व्होला आधी रेडिओ जोडायचा, त्याला मध्यावर येऊ द्यायचं आणि मगच त्याच्या अक्षावर दांडी बसवायची, पुशरॉडशी, म्हणजे एलेरॉन ढकलणाऱ्या सळईशी, काटकोनात. दांडी तिरपी बसली तर एलेरॉन एका बाजूला जास्त जातो आणि दुसऱ्या बाजूला कमी. रिमोटच्या मेनूत आकडे बदलून हे झाकता येतं. झाकू नका, दांडी काढून परत लावा. पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यावर, म्हणजे क्लेव्हिसवर, सिलिकॉनची बारीक रिंग चढवायची, म्हणजे ते उघडत नाही. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, थेंब.

[दृश्य: चाकं पंखातून उघडतात, मिटतात. पुन्हा उघडतात.]

हे दृश्य कितीदाही बघावं. स्पिटफायरची चाकं धडाजवळ बसवलेली असतात आणि मिटताना बाहेरच्या दिशेने जातात. त्यामुळे उतरताना पंखाच्या मुख्य तुळईवरचा ताण कमी झाला, पण दोन चाकांतलं अंतर जेमतेम पावणेदोन मीटर उरलं. जमिनीवर हे विमान अवघडलेलं वाटायचं. मॉडेलने हा स्वभाव जसाच्या तसा उचलला आहे. आपल्या चाकांमध्ये अंतर आहे पंचवीस सेंटिमीटर. म्हणून दोन्ही चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे अगदी किंचित वळवायची. मग ते सरळ धावायला राजी होतं.

[दृश्य: मोटर, स्पीड कंट्रोलर, वायरी. काउल सरकवून बघणं.]

मोटर ब्रशलेस, बॅटरी सहा सेलची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, पूर्ण चार्ज झाली की २५.२ व्होल्ट. मोटर धडाच्या भिंतीवर बसते, किंचित उजवीकडे आणि खाली झुकलेली. तो झुकाव मुद्दाम दिलेला आहे, वॉशर घालून ‘दुरुस्त’ करू नये. आणि टेबलावर मोटर फिरवून बघताना प्रॉपेलर लावलेला नसावा. याला अपवाद नाही. बोटं जातात.

[दृश्य: साबणाच्या पाण्याचा फवारा. पाचरंगी नव्हे, पाच पट्ट्यांचं स्टिकर पंखावर सरकतं.]

आता रंगरूप. वरून गडद हिरवा आणि करडा, खालून फिका करडा, पंखाच्या पुढच्या कडेला पिवळी रेघ. पंखावर आणि धडावर तीन पांढरे, दोन काळे पट्टे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर ते घाईघाईने रंगवले गेले, आपल्याच तोफांनी आपलं विमान पाडू नये म्हणून. खऱ्या विमानांवर ब्रशने मारलेल्या त्या पट्ट्यांच्या कडा वाकड्यातिकड्या असायच्या. साबणाच्या पाण्यामुळे स्टिकर जागेवर सरकवता येतं, आणि मग प्लास्टिकच्या कार्डाने पाणी बाहेर काढायचं. दूर आकाशात विमान नजरेत ठेवायला या पट्ट्यांचा आजही उपयोग होतो.

[दृश्य: विमान उलटं, दोन बोटांच्या टोकांवर तोललेलं. नाक वर जातं.]

इथे थांबू या. जोडणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तो सुरू होतो विमान पूर्ण तयार दिसायला लागल्यावर, जेव्हा हात मैदानावर जायला शिवशिवत असतात.

गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे विमान तोललं जातं ती जागा. पुस्तिकेत तिचं पंखाच्या पुढच्या कडेपासूनचं अंतर दिलेलं असतं. ते मुळाशी मोजायचं, कारण लंबवर्तुळाकार पंखाची कड टोकाकडे मागे वळत जाते. दोन्ही बाजूंना खूण करायची, बॅटरी आत ठेवायची, चाकं मिटायची. धडाच्या खालच्या बाजूला पंख असलेलं विमान उलटं करून तोलायचं, म्हणजे ते बोटांवर स्थिर राहतं. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. इथे बघा, नाक वर जातंय. शेपूट जड आहे.

स्पिटफायरच्या मॉडेलचं हे नेहमीचंच. खऱ्या विमानाच्या नाकात सुमारे पाऊण टन वजनाचं, बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन होतं. आपल्या नाकात काहीशे ग्रॅमची मोटर. नाक आखूड, शेपूट लांब. आधी बॅटरी पुढे सरकवून बघायची. तेवढ्यानं भागलं नाही तर शिसं. वजन वाढतं म्हणून लोक शिसं टाळतात. विमान थोडं जड झालं तर वेगात उतरवावं लागतं, इतकंच. शेपूट जड राहिली तर ते एलेव्हेटरच्या जराशा स्पर्शानेही उसळतं, आणि मग ते कुणाचंच ऐकत नाही.

[दृश्य: शिशाचा तुकडा भिंतीला स्क्रूने बसतो. विमान पुन्हा बोटांवर, आता आडवं, स्थिर.]

शिसं फक्त चिकटवायचं नाही, स्क्रूनेही कसायचं.

[दृश्य: मैदान. ट्रान्समीटरवरचा अंगठा उजवीकडे. उजवा एलेरॉन वर.]

स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. स्टिक मागे, तर एलेव्हेटर वर. विमानाच्या मागे उभं राहून, तोंडाने बोलून तपासायचं. ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून दूर चालत जायचं आणि तिथूनही सगळं हलतंय का बघायचं. सिग्नल तुटला तर मोटर बंद पडते ना, हेही जमिनीवरच.

[दृश्य: धावणं. शेपूट उचलते. विमान हवेत. वळणावर पंख पूर्ण दिसतो.]

पॉवर सावकाश वाढते. नाक डावीकडे ओढ घेतं, उजवा रडर त्याला धरून ठेवतो. मर्लिनच्या खऱ्या स्पिटफायरचीही ओढ डावीकडेच असायची. नंतरच्या ग्रिफन इंजिनाचा प्रॉपेलर उलटा फिरायचा, म्हणून ती उजवीकडे जायची.

[काही सेकंद निवेदन नाही. फक्त आवाज.]

[दृश्य: उतरलेलं विमान टेबलावर. स्क्रूड्रायव्हर, पुशरॉड.]

विमान सरळ राहावं म्हणून एलेरॉनला हवेत थोडी ट्रिम, म्हणजे रिमोटवरून कायमची बारीक दुरुस्ती, द्यावी लागली होती. आता तेवढी पुशरॉडची लांबी बदलून रिमोटवरची ट्रिम शून्यावर आणली जातेय. चाकांचे स्क्रू पुन्हा कसले जातायत, कारण पहिल्या उतरणीत ते हमखास सैल होतात. बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. आणि बिजागऱ्या, सगळ्याच्या सगळ्या, परत एकदा ओढून बघायच्या.