ताण मोजायचा की कामाचा भार?

मित्रहो, कॅनडातील डोनाल्ड मॅक्रीरी आणि मेगन थॉम्प्सन यांनी २००६ साली पोलिसांच्या ताणाची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिचे प्रत्येकी २० विधानांचे दोन भाग आहेत. रात्रपाळी, थकवा, जखमी होण्याची भीती, घरच्यांना वेळ न देता येणे हा प्रत्यक्ष कर्तव्यातला ताण पहिल्या भागात येतो. अपुरे मनुष्यबळ, माणूस पाहून लावले जाणारे नियम असा खात्याच्या कारभारातून येणारा ताण दुसऱ्यात. प्रत्येक विधानाला १ (अजिबात ताण नाही) ते ७ (खूप ताण) यांपैकी एक आकडा द्यायचा असतो.

ही प्रश्नावली मराठीत आणताना पहिली अडचण ‘ताण’ या शब्दापाशीच येते. आपण बोलताना ‘कामाचा ताण’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा कामाचा नुसता भार अभिप्रेत असतो, त्यामुळे भरपूर काम असूनही मनाने स्वस्थ असलेला अंमलदार प्रामाणिकपणे ७ या आकड्याभोवती गोल करील आणि आपण त्याला तणावग्रस्त ठरवून मोकळे होऊ. अनुवादित मजकूर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत करून घेण्याची जी पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली, तिने ही चूक पकडली जाईलच असे नाही, कारण उलट अनुवाद करणारा जाणकार ‘ताण’चा मूळ शब्द बरोबर ओळखतो आणि दोन्ही मजकूर तंतोतंत जुळतात. म्हणून माझ्या मते सर्वांत मोलाचा टप्पा आहे तो ३०-४० पोलिसांसमोर बसून, एकेक विधान वाचून दाखवून, ‘यातून तुम्हांला काय समजले, आणि हाच आकडा का निवडला?’ असे विचारण्याचा. ‘आपण सतत ड्युटीवरच आहोत असे वाटणे’ हे विधान एखाद्याला तक्रार वाटेल, तर एखाद्याला आपल्या कर्तव्यनिष्ठेची पावती. हे कोणतेही गणित आपल्याला सांगणार नाही.

त्यानंतर आकडेमोड येते. विधानांची उत्तरे एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे दाखवणारा क्रोनबाक यांचा अल्फा हा आकडा ०.७० च्या वर गेला की अनेक संशोधक निर्धास्त होतात, परंतु विधानांची संख्या वाढली की अल्फाही वाढतो, आणि सगळी विधाने मिळून चुकीचीच गोष्ट मोजत असली तरी तो उत्तम येऊ शकतो. कोणत्या विधानांची उत्तरे एकत्र गटाने जातात हे शोधणाऱ्या घटक-विश्लेषणाने दोन भागांची रचना नव्या भाषेत टिकते का हे पाहावे लागते. उत्तरे स्थिर राहतात का हे तपासण्यासाठी दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेताना मधल्या काळात बदली, दंगल किंवा चौकशी झाली का, हेही विचारावे; अन्यथा ताणातला खरा बदल आपण प्रश्नावलीच्या अविश्वसनीयतेच्या खात्यावर लिहू.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. हे कागद वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हस्ते वाटू नयेत आणि त्यांवर नाव किंवा बक्कल क्रमांक लिहून घेऊ नये. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याच टेबलावर भरलेला कागद ठेवायचा असेल, तर दुसऱ्या भागातील विधानांसमोर १ आणि २ हेच आकडे दिसतील, आणि त्या आकड्यांवर केलेले विश्लेषण कितीही काटेकोर असले तरी त्यातून खात्यातला ताण कळणार नाही.