परत येतं तो भौतिक बदल?

मंडळी, खानापुरात येऊन मातीवर बोलायचं म्हणजे धाडसच. इथं कुंभारकामाची संस्था आहे, भट्टीवर हयात घालवलेली माणसं समोर बसली आहेत. म्हणून मी एकच गोष्ट धरतो, शाळेत घोकलेला नियम: पूर्ववत करता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक. मार्क मिळवून देतो बिचारा, पण आहे लंगडा.

चाकावरून उतरलेलं मडकं सावलीत वाळतं तेव्हा त्यातलं मोकळं पाणी तेवढं उडतं. असं कच्चं मडकं बादलीत बुडवा, बुडबुडे सोडत ते विस्कटतं आणि तळाला चिखल बसतो. माती तीच राहिली. आता तेच मडकं आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, घाला. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला चिकणमातीच्या स्फटिकातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या सुटतात आणि त्यांचं पाणी होऊन बाहेर पडतं. हा ओलावा नव्हे, मातीच्या घडणीचाच भाग. शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीत, तो वजनाच्या जवळपास १४ टक्के भरतो. खडखडीत वाळलेलं १०० किलो केओलिन भाजलं, की ८६ किलो उरतं. बाकीचं वाफ होऊन गेलं. पदार्थच बदलला, म्हणून भाजलेलं मडकं पाण्याला दाद देत नाही.

लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. आवा बुजवून धूर कोंडला, तर त्या ऑक्साइडमधला थोडा ऑक्सिजन निघून जातो, काजळीही मुरते, आणि भांडं काळं निघतं.

इथवर नियम बरोबर वाटतो. पण छपरावरचं कौल खाली पडून फुटलं तर? खापऱ्या जुळवून पुन्हा कौल होत नाही. तरी बदल भौतिकच, कारण प्रत्येक खापरी त्याच पदार्थाची.

उलट बाजूनं चुना बघा. १०० किलो शुद्ध चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली, की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी ओता. खदखदून उकळी फुटते, १८ किलो पाणी त्यात बांधलं जातं, झाला ७४ किलो विझवलेला चुना. तो भिंतीला लावला, की हवेतून हळूहळू ४४ किलो कार्बन डायऑक्साइड घेतो, १८ किलो पाणी सोडतो. बेरीज करा: पुन्हा १०० किलो चुनखडीचाच पदार्थ. सगळं परत आलं, आणि वाटेतला एकूण एक बदल रासायनिक!

तेव्हा मुलांनो, ‘परत येतं का’ हे नंतर विचारा. आधी विचारा, पदार्थ तोच राहिला का?

घरी करून बघायचं असेल, तर पानाचा चुना चिमूटभर घेऊन पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरची निवळी हळूच ओतून घ्या. नळीनं फुंका, पण ओढू नका, आणि डोळे सांभाळा. कळीच्या चुन्याला तर हातच लावायचा नाही. निवळी दुधाळ होईल. भिंतीवर होतं तेच इथं झालं. फुंकतच राहिलात, तर दुधाळपणा पुन्हा जातो, कारण आता पाण्यात विरघळणारा कॅल्शियम बायकार्बोनेट तयार झालेला असतो. तेच पाणी उकळा, परत गढूळ होईल.