कणगी आणि कारभारी

(दृश्य: लातूर. सकाळची वेळ. चुलीवर ज्वारीची भाकरी फुगते आहे.)

या काकू अंगानं स्थूल. सगळ्यांना वाढून शेवटी जेवतात. तरी गल्लीत ऐकून घ्यावं लागतं, "काकू, तोंडावर जरा ताबा ठेवा की!" त्या हसतात. पण लग्नाकार्यात पंगतीला बसणं त्यांनी केव्हाच सोडलंय. ते कळलं तेव्हा कॅमेरा बंद करावासा वाटला.

भूक पोटात जाणवते, पण तिचा कारभार चालतो मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागात. अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. कणगीत धान्य किती उरलंय, याचा तो निरोप. 1994 मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचं जनुक शोधलं. लेप्टिन टोचलं की वजन उतरेल, अशी आशा वाटली. पण बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. कणगी भरलेली, आणि कारभारी दुष्काळ धरून बसलेला.

(दृश्य: बसस्टँड. टपरीवर लटकलेल्या वेफर्सच्या माळा.)

त्यात हे पुडे. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तेवढं खाऊ दिलं. तयार अन्नावर ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते, आणि भराभर खात होते. भाकरी चावावी लागते. वेफर्स घशाखाली उतरतात, पोट भरल्याचा निरोप वर पोहोचायच्या आत.

गेल्या वर्षी काकूंनी नेटानं नऊ किलो उतरवले. मग रात्री झोप लागेना, डोळ्यांपुढं भाकरीचा काला. वजन परत आलं, टोमणेही आले. ऑस्ट्रेलियात 50 जणांना 10 आठवडे अगदी कमी खाण्यावर ठेवलं होतं. त्यानंतर वर्ष उलटलं तरी त्यांचं लेप्टिन कमीच होतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढलेलं, आणि भूक आधीपेक्षा जास्त. याला हावरटपणा म्हणणं अन्याय आहे.

(दृश्य: काकू, चुलीपुढं.)

हे सगळं सांगितलं तेव्हा काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाहात्तरच्या दुष्काळात माझ्या मायनं मिलोची तांबडी जवारी खाऊन दिवस काढले. पुढं घरात कितीबी जवारी आली, तरी कणगीत हात घालून बघायचं तिनं काही सोडलं नाही."