दादा, अजून थोडं पुढे घ्या

(उजनीचं पाणी. नुकतं उजाडलंय. काठावरून होड्या सुटतायत.)

भीमा नदीवर १९८० साली उजनी धरण झालं आणि त्याचा फुगवटा मागे इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, कुंभारगावपर्यंत आला. हिवाळ्यात या उथळ पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. त्यांच्या मागोमाग शनिवार-रविवारी फोटो काढायला पुण्या-मुंबईच्या गाड्या. प्रश्न एकच: होडीत लेन्स कोणती न्यावी?

(होडीचा क्लोजअप.)

ही मासेमारीची होडी. कडेवर कुणी कोपर टेकलं तरी डुलते. या होडीत एकाने ६०० मिमी एफ ४ प्राइम आणलीय, म्हणजे झूम न होणारी, एकाच अंतराची लेन्स. मिमीचा आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. वजन तीन किलोच्या वर, किंमत दहा लाखांच्या पुढे. एफ ६.३च्या तुलनेत ती अडीचपट उजेड आत घेते, म्हणून या अंधुक पहाटे तिचा हेवा वाटतो खरा. पण ट्रायपॉड उभा करायला जागा नाही, आणि केला तरी होडीसोबत तोही डुलणार. बघा, चौथ्या-पाचव्या फ्रेमनंतर लेन्स मांडीवर आली.

शेजारच्या होडीत २००-६०० झूम. सोनीची ही लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायचं कडं) सव्वादोन किलोच्या आसपास भरते. झूम आतल्या आत होतो, लांबी बदलत नाही, त्यामुळे तोल हातातच राहतो. होडीसाठी आमचं मत हिलाच.

(थवा उडतो.)

का, ते इथे दिसतं. रोहित जागेवरून उडत नाही, आधी पाण्यावर धावतो. मान पुढे, पाय मागे ताणलेले, पंखांखालचा लाल-काळा रंग उघडा. थवा अंगावर आला की ६००ची प्राइम नुसता पंख कापते. झूम २५०वर आणली की अख्खा पक्षी चौकटीत. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) तुमचा हात सावरतं, पक्ष्याचा पंख नाही.

बजेट कमी असेल तर क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १००-४०० झूम. दीडपट क्रॉपमुळे चौकट ६०० मिमीइतकी मिळते, खांदाही शाबूत राहतो. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) मात्र एफ ६.३च्या झूमवर लावू नका. १.४चा लावला तरी एफ ९ होतो, आणि सकाळच्या उजेडात ऑटोफोकस चाचपडतो.

(नावाडी मोटर बंद करतो, बांबूने होडी रेटतो.)

हातात ३०० मिमी असली की तोंडून एक वाक्य हमखास निघतं: ‘दादा, अजून थोडं पुढे घ्या.’ दादा घेतात. गिऱ्हाईक नाराज करून कसं चालेल? सहाशेवाल्याला ते म्हणावं लागत नाही. तो अलीकडेच थांबतो, पक्षी डोकं पाण्यात उलटं घालून चरत राहतो, आणि फोटोही चरणाऱ्या पक्ष्याचा मिळतो, पळणाऱ्याचा नाही. वारंवार उठवलेला थवा चरणं सोडून दुसरीकडे जातो.

ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. मग दहा लाखांची लेन्सही मऊच, म्हणजे धूसर, फोटो देते. तेव्हा होडी काठाला लावून मासळीची थाळी खावी हे बरं.

विकत घेण्याआधी पुण्यात भाड्याने मिळते का बघा. घेताना झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, काचेत टॉर्च मारून बुरशी तपासा, आणि कॉलर, हूड, झाकणं दुकानातच मोजून घ्या.