एकाची सुटते, एकाची सुटत नाही

नमस्कार ठाणेकर, नवी मुंबईकर मंडळी. तंबाखू वाईट हे पुडीवरच्या फोटोत रोज दिसतं, ते मी सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते एकाची सुटते आणि दुसऱ्याची का सुटत नाही, यावर.

आता माझे दोन मामा. दोघंही वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत, एकाच टपरीवर चुना-तंबाखू मळायला शिकलेले. एकदा पैज लागली, गणपतीपर्यंत सोडायची. धाकट्या मामाने चार दिवस घर डोक्यावर घेतलं आणि मग सुटलीच, वर येईल त्याला उपदेश सुरू. थोरला म्हणाला माझीही सुटली. गणपती आले, किसननगरच्या घरात आरती उभी राहिली (आरती टाळ्या वाजवूनच म्हणावी, स्पीकर कशाला लागतो दहा बाय दहाच्या खोलीत, पण ते असो) आणि मामीने कापराचा डबा उघडला तर खाली पुडी आणि चुन्याची डबी! आरती तिथेच थांबली. थोरला मामा शांतपणे म्हणतो, "अगं, पावसाळा आहे, सादळू नये म्हणून ठेवली." आम्ही पोरं हसून लोळतोय आणि मामी भडकलेली, "भावाला जमलं, तुम्हाला का नाही? मन घट्ट लागतं!" आणि ही मामी स्वतः रोज सकाळी मशेरी लावते बरं का. विचारलं की म्हणते, ती दातांसाठी. अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटीन तिच्यातही आहेच.

तर मन घट्ट हवं हे खरं, पण सगळं मनावर नसतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय की निकोटीनच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो. परत सांगतो, साधारण निम्मा. आपल्या लिव्हरमध्ये सीवायपी-२ए६ नावाचं एन्झाइम असतं, ते निकोटीन मोडतं. ज्याचं हे एन्झाइम जोरात चालतं त्याची टाकी भराभर रिकामी होते, मग तलफही लवकर येते. ज्याचं हळू चालतं त्याला सरासरी कमी लागते, सोडणंही थोडं सोपं जातं. दुसरी भानगड १५ नंबरच्या क्रोमोसोमवर, मेंदूत निकोटीन जिथे चिकटतं त्या रिसेप्टरच्या जीन्समध्ये. २००८ साली हे मोठ्या अभ्यासांतून पुढे आलं. तिथला एक बदल असला की जास्त निकोटीन झाल्यावर जी मळमळ, नकोसं वाटणं होतं तेच कमी होतं, म्हणजे ब्रेकच ढिला.

मामांची टेस्ट कोणी केलेली नाही, आणि सख्ख्या भावांतही जीन्स सरासरी निम्मेच सारखे असतात, त्यामुळे भावाला जमलं म्हणून याला जमलंच पाहिजे हे मामीचं गणित काही बरोबर नाही. थोरल्याला शेवटी डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगगम दिलं, आता महिनोन्महिने पुडी नाही. मामीची मशेरी चालूच आहे.

सोडायची असेल तर सरकारी क्विटलाइन आहे, कॉल फुकट. लिहून घ्या, १८००-११-२३५६. परत एकदा, १८००, ११, २३५६.